लाल उजेड आणि झिपऱ्या

आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता, आणि समोरून येणारा माणूस छत्री उघडून चालला होता. बरं, छत्री डोक्यावर असती तर उन्हासाठी म्हणता आलं असतं. पण ती धरली होती आडवी, डाव्या कानाशी, ढालीसारखी! आणि छत्रीच्या कडेतून केसांचं रान बाहेर आलेलं... मानेपर्यंत लोंबणारं, कित्येक महिने कंगवा न पाहिलेलं.

तिला हसू फुटलं. ती मावशीच्या सलूनमध्ये केस कापायची. रस्त्याने जाताना तिला माणसांची डोकी आधी दिसायची, चेहरे मागाहून. ‘काय झिपऱ्या आहे!’ ती मनात म्हणाली, आणि तेवढ्यात दोघंही एकाच दाराकडे वळले.

वारा जोराचा होता. छत्री फडकन उलटली आणि छत्रीची एक काडी थेट तिच्या उजव्या हातावर आपटली. मऊ सुती मोजा घातलेला, छातीशी जपून धरलेला हात.

“आई गं!” ती किंचाळली. हात झटकन वर गेला, आणि तिची बोटं त्याच्या कानावरच्या केसांना ओझरती लागली.

“आई आई आई!” तो तिच्याहून मोठ्याने ओरडला आणि मटकन पायरीवर बसला.

तीही बसली. दोघांच्याही डोळ्यांत टचकन पाणी आलेलं. जाणारेयेणारे बघत होते.

“लागलं मला,” ती दातओठ खात म्हणाली, “आणि ओरडताय तुम्ही?”

“मलाही लागलं.”

“माझी बोटं तुमच्या केसांना लागली. नुसत्या केसांना!”

“आणि माझी छत्री तुमच्या मोज्याला लागली,” तो म्हणाला. “नुसत्या मोज्याला!”

ती काहीतरी खरमरीत बोलणार होती. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि शब्द तोंडातच राहिले. तो चेहरा तिने रोज आरशात पाहिला होता. लोकांना खोटी वाटेल अशी कळ सोसणाऱ्या माणसाचा चेहरा.

दारावर पाटी होती, जुनाट वेदनांवरच्या उपचारांची.

“तुम्हीही... आतच?” तिने विचारलं.

“आतच.” त्याने उलटलेली छत्री सुलटी करायचा प्रयत्न केला, ती आणखीच उलटली, आणि दोघं एकदम हसायला लागले. ओल्या डोळ्यांनी, पायरीवर बसल्या बसल्या.

तिच्या हाताची गोष्ट तशी साधी. वरच्या फळीवरच्या बाटल्या काढायला ती स्टुलावर चढली होती, स्टूल सरकलं, ती मनगटावर पडली. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, सगळ्यांनी ‘सुटलीस बाई’ म्हटलं. पण नस रुसून बसली. करंगळीपासून कोपरापर्यंत आधी मुंग्या, मग चटके, आणि मग असं, की टॉवेलचं टोक घासलं तरी विजेची तार धरल्यासारखं व्हावं. गोळ्यांनी दुखणं झोपायचं, पण त्याच्याबरोबर तीही दिवसभर झोपायची. कात्री सुटली. मावशीने तिला काउंटरवर बसवलं. “हात काय, आज ना उद्या बरा होईल,” मावशी म्हणायची. “तू नुसती बैस. निम्मी गिऱ्हाइकं तुझ्याशी गप्पा मारायलाच येतात.” आणि असं म्हणून मावशी घाईघाईने पाठ फिरवायची.

डॉक्टरबाई उतारवयाच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. (कट चांगला आहे, तिने लगेच नोंद घेतली.) त्यांच्या हातात जाडसर पेनासारखं एक यंत्र होतं, टोकाशी लाल उजेडाचा ठिपका.

“हे बघा, मी जादूगार नाही,” त्या म्हणाल्या. “हा उजेड कातडीतून आत पोचतो. दुखावलेल्या नसेला सावरायला त्याने हातभार लागतो. कुणाला लवकर गुण येतो, कुणाला उशिरा, कुणाला नाहीच. कबूल?”

“चटका बसेल?”

“कोवळं ऊन पडल्यासारखं वाटलं तर वाटेल. नाहीतर काहीच नाही.”

डोळ्यांना जपायला हिरवट काचांचा मोठा चष्मा चढवावा लागला. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये पडदा, डॉक्टरबाई आळीपाळीने दोन्हीकडे. मोजा काढला. लाल ठिपका मनगटावर टेकला न टेकला असा हळूहळू सरकू लागला. ती श्वास धरून बसली... चटका बसला नाही. काहीच झालं नाही. आणि ‘काहीच न होणं’ किती सुखाचं असतं, हे तिला कित्येक दिवसांनी आठवलं.

“आहात का पलीकडे?” पडद्याआडून आवाज आला.

“नाही. मी घरी गेले.”

“अरेरे! मग हे बोलतंय कोण?”

“माझा मोजा.”

“गप्पा मारा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “पण हसताना हलू नका. उजेड जिथे पडायचा तिथेच पडू दे.”

अशी ओळख झाली. पडद्याच्या अल्याड ती, पल्याड तो, दोघंही बेडकासारखा चष्मा लावलेले. तो नदीवरची लाँच चालवायचा, या काठाहून त्या काठाला. मग डाव्या कपाळापासून कानामागेपर्यंत नागीण उठली.

“फोड वाळले, डाग पुसट झाले,” तो म्हणाला. “नागीण गेली, पण जाताना फूत्कार इथेच विसरून गेली. वाऱ्याची झुळूक आली की लोक म्हणतात, आहाहा, काय गार वाटलं. मला वाटतं कुणीतरी कानाशी काडी ओढली. आता लाँच चालवायची आणि वारा नको म्हणायचं, कसं जमणार? तिकिटाच्या खिडकीत बसवलंय मला. काच बंद करून.”

“मलाही काउंटरवरच बसवलंय,” ती हळूच म्हणाली.

पलीकडून लगेच आलं, “मग आपण सहकारीच म्हणायचे.”

“आणि हे केस?”

“न्हाव्याकडे गेलो होतो की. त्याने कंगवा लावला आणि मी त्याच्या खुर्चीतून उडी मारली. आता मी लांबून दिसलो तरी तो शटर ओढतो.”

डॉक्टरबाईंनाच हसू आवरेना. त्यांनी यंत्र बाजूला धरलं.

“तुम्हाला हाक काय मारायची?” निघताना त्याने विचारलं.

“सलूनमधल्या सगळ्या पोरी मला ताई म्हणतात.”

“ते जमणार नाही,” तो चटकन म्हणाला. “म्हणजे... दुसरं काहीही म्हणेन. ताई नाही म्हणणार. आत्ताच सांगून ठेवतो.”

तिचे कान तापले. बरं झालं, चष्मा अजून डोळ्यांवर होता.

त्यानंतर तिला उपचाराच्या दिवसांची वाट पाहायची सवय लागली. उजेडासाठीच, असं ती स्वतःला बजावायची. मावशी मात्र काउंटरपलीकडून विचारायची, “हाताच्या उपचाराला काजळ लागतं का गं?”

बाहेरच्या खोलीत चहाचं मशीन होतं. चहा पाणचट, पण कप तिच्या डाव्या हातात नीट बसेपर्यंत तो सोडायचा नाही. तो तिच्यासाठी दारं उघडायचा. ती रस्त्याने त्याच्या डाव्या बाजूने चालायची, म्हणजे वारा तिच्यावर आदळेल. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुणी बोललंही नव्हतं.

एकदा ती त्याच्या मागच्या बाकावर बसली होती. “तुम्हाला दोन भोवरे आहेत,” ती म्हणाली.

“कुठे?”

“डोक्यावर. रानात शोधावे लागतात, पण आहेत.”

“म्हणजे माझी दोन लग्नं होणार?”

“आधी एक तरी होऊ दे,” ती म्हणाली आणि जीभ चावली.

तो वळला नाही. पण त्याचा उजवा कान, केसांतून जेवढा दिसत होता तेवढा, लालबुंद झाला होता... आणि तिथे तर डॉक्टरबाईंनी उजेड सोडलाच नव्हता!

मग एका सकाळी सलूनमध्ये नळाखाली तिने टॉवेल धुतला, पिळला आणि दांडीवर टाकला. वळली, तर मावशी हातातला ब्रश तसाच धरून तिच्याकडे बघत होती.

“काय झालं?”

“तू टॉवेल पिळलास,” मावशी म्हणाली.

तिने हाताकडे पाहिलं. ओला, लालसर, मोज्याशिवायचा. कोपराशी बारीकशी ठसठस होती, पण तेवढीच. ती बोटं एकेक करून मिटत आणि उघडत राहिली. मावशी डोळे पुसत म्हणाली, “शांपू गेला वाटतं डोळ्यांत.” मावशीच्या आसपास शांपूची बाटलीही नव्हती. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, आणि खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या भिजल्या केसांनी मुकाट बसून राहिलं.

ही बातमी पहिल्यांदा कुणाला सांगायची हे तिला विचारावंच लागलं नाही. उपचाराच्या दिवशी ती जवळजवळ पळतच गेली. पण पडदा सरकवलेला होता आणि पलीकडची खुर्ची रिकामी.

“ते यायचे थांबले,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “परवा येऊन सांगून गेले. म्हणाले, माझी जागा ज्याला गुण येतोय त्याला द्या.”

“त्यांना गुण नव्हता?”

“थोडा होता. मग तो वादळी वाऱ्याचा दिवस आला ना, त्या दिवशी परत कळ उठली जोराची. मी सांगितलं, असं मागेपुढे होतं, धीर धरा. पण धीर यंत्रातून देता येत नाही.” त्यांनी तिचा हात हातात घेतला, दाबून पाहिला. “हा मात्र गुणाचा निघाला.”

तिने हसायचा प्रयत्न केला. साधलं नाही. रागच आला तिला. एका शब्दाने सांगू नये? एवढे दिवस पडद्याआडून मोज्याशीसुद्धा बोलणारा माणूस!

ती सरळ धक्क्यावर गेली. नदीवरून मोकळा वारा येत होता, लाँच नुकतीच सुटली होती. तिकिटाच्या खिडकीची काच बंद. खाली पैसे सरकवण्यापुरती फट. आत तो, डोक्याला सैलसा रुमाल.

तिने टकटक केलं. उजव्या हाताने.

त्याने मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्या उघड्या बोटांकडे. त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला.

“एक तिकीट,” ती फटीशी वाकून म्हणाली.

“लाँच आत्ताच गेली.”

“मला कुठे जायचंय? मला भांडायचंय. त्याचं तिकीट किती?”

तो बाहेर आला. भिंतीच्या आडोशाला दोघं उभे राहिले. ती आपोआप त्याच्या डाव्या बाजूला.

“सांगितलं का नाहीत?”

त्याने नजर पाण्याकडे वळवली. “तुमचा हात सुधारताना मी बघत होतो,” तो म्हणाला. “आधी मोजा पातळ झाला. मग कप उजव्या हातात आला. मला इतका आनंद व्हायचा... आणि त्या वादळानंतर एक दिवस हेवा वाटला. तुमचा! ज्या माणसाचा हात बरा व्हावा म्हणून मी मनोमन हात जोडायचो, त्याचाच हेवा. लाज वाटली हो मला. म्हटलं, हे तोंड घेऊन पडद्याआड बसायचं नाही.”

तिचा राग कुठल्या कुठे गेला. वाऱ्याने तिची ओढणी उडाली आणि तिने ती दोन्ही हातांनी पकडली.

“हेवा करायचा असेल तर माझ्यासमोर करा,” ती म्हणाली. “पाठीमागे नको. मीही केला असता. पहिल्या दिवशी केलाच होता, तुमचे दोन्ही हात धडधाकट म्हणून.”

“खरंच?”

“खरंच. आता ऐका. डॉक्टरबाई म्हणतात, मी रोज थोडी थोडी कात्री धरायला हवी. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर प्रयोग केले तर मावशी मला हाकलून देईल. मला एक डोकं पाहिजे. बिघडलं तरी चालेल असं.”

“माझं?”

“त्याहून बिघडायचं काय राहिलंय?”

तो हसला. पायरीवर हसला होता तसा.

“उजव्या बाजूने सुरू करू,” ती म्हणाली. “दुखत नाही तिथून. डाव्या बाजूला तुम्ही म्हणाल तेव्हाच. नाही म्हणालात तर कधीच नाही. पण उपचार सोडायचे नाहीत. माझी अट आहे.”

मग सलूनच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी तो येऊ लागला. मावशी कोपऱ्यात मासिक उलटं धरून वाचायची. पहिल्या दिवशी तिला जेमतेम चार बटा कापता आल्या आणि बोटं आखडली. तो म्हणाला, “वा, हलकं वाटतंय.” पुढच्या वेळी उजवी बाजू निम्मी झाली. धक्क्यावरचे प्रवासी त्याला विचारू लागले, की न्हावी अर्ध्यातच पळाला का? तो सांगायचा, “पळाला नाही. सावकाश येतोय.”

तिकडे लाल उजेडही सावकाशच येत होता. कधी आठवडा बरा, कधी एखादा दिवस वाईट. वाईट दिवशी ती कात्री बाजूला ठेवायची आणि दोघं नुसता चहा प्यायचे. चांगल्या दिवशी भोवऱ्यापर्यंत, मग मानेच्या मध्यापर्यंत, मग डाव्या कानाच्या मागे बोटभर अंतरावर. त्या बोटभर अंतरावर मात्र बरेच दिवस सगळं अडलं. तिने कधी विचारलं नाही.

एका सकाळी तोच म्हणाला, “आज बघूया.”

“नक्की?”

“नक्की नाही. पण बघूया.”

तिने कंगवा कोमट पाण्यात बुडवला. आरशात त्याने डोळे घट्ट मिटलेले, बोटं खुर्चीच्या हातांवर रुतलेली. कंगव्याचे दात तिने कपाळाशी टेकवले... थांबली. सरकवले... थांबली. कानाच्या वर. कानाच्या मागे.

“दुखतंय?”

त्याच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी ओघळलं, आणि तिने घाबरून कंगवा उचलला.

“थांबू नका,” तो म्हणाला. आवाज चिरकला होता. “दुखत नाहीये. थोडं झिणझिणतंय. पण कंगवा... कंगव्यासारखा लागतोय हो!”

कोपऱ्यात मावशीचं मासिक खाली पडलं.

तिने कात्री उचलली. हळूहळू ते रान जमिनीवर आलं आणि खालून एक कपाळ निघालं, पुसट डागांचं, उन्हाला विसरलेलं. तिचा हात एकदाही थरथरला नाही. कापून झाल्यावर त्याने आरशात पाहिलं आणि म्हणाला, “हा कोण?”

“मलाही आत्ताच भेटला,” ती म्हणाली.

त्याला लाँच परत मिळाली. आधी वारा पडलेल्या दिवशी, कानावरून टोपी ओढून. मग बहुतेक रोज. तीही खुर्चीमागे उभी राहू लागली. डॉक्टरबाईंनी दोघांना एकाच दिवशी सांगितलं, “आता माझ्याकडे यायचं काम नाही. त्रास वाढला तरच या.” दोघांनी त्यांचे हात हातात घेतले, पुन्हा पुन्हा आभार मानले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “आभार काय मानताय? लोक बरे होऊन हसत जातात. तुम्ही दोघं चेहरे पाडून का उभे आहात?”

दोघं बाहेर पडले. रस्ता कसा संपला, कळलंच नाही. “बरंय मग,” तो म्हणाला. “बरंय,” ती म्हणाली. आणि दोघं दोन दिशांना गेले.

थोडेच दिवस गेले असतील. दुपारची वेळ, सलूनमध्ये गिऱ्हाईक नाही. दार ढकलून तो आत आला, टोपी हातात.

“केस कापायचेत.”

तिने त्याचं डोकं निरखलं. “आत्ताच तर कापले.”

“वाढलेत.”

“कुठे?”

“वाटतंय तसं.”

मावशी पिशवी घेऊन उठली. “मी जरा जाऊन येते,” ती म्हणाली. “साबण संपलाय.” फळीवर साबणाची अख्खी रांग होती. मावशीने जाताना दारावरची ‘उघडे आहे’ची पाटी ‘बंद आहे’ अशी फिरवली आणि निघून गेली.

तो खुर्चीत बसला. तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री घेतली, आणि आरशात त्याच्याकडे पाहिलं.

“काय कापू? सांगा.”

“काही नका कापू.” त्याने मान खाली घातली. “मी रोज नदी ओलांडतो. वारा लागतो. आणि दर वेळी वाटतं, धावत येऊन तुम्हाला सांगावं, की बघा, लागला, आणि मी अजून उभा आहे. आज... आज मी लाँच धक्क्याला बांधली आणि खरंच आलो. यायला दुसरं कारण सुचलं नाही, म्हणून केस.”

कात्री तिने हळूच खाली ठेवली.

“लाल उजेडाचे आभार मानले,” तो म्हणाला. “डॉक्टरबाईंचे मानले. तुमचे मानायचे राहिले. आणि ते एका दिवसात होणार नाहीत, असं दिसतंय. बराच काळ लागेल. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर, जन्मभर.”

बाहेरून कुणीतरी पाटी वाचून परत गेलं. तिने उजवा हात उचलला, आणि तळवा अलगद त्याच्या डाव्या कपाळावर ठेवला. त्याखाली त्याची शीर उडत होती. तिचा स्वतःचा ठोका की त्याचा, तिला सांगता येईना.

“थोडं अजून राहिलंय आत,” तो कुजबुजला. “थंडीत उठेल कदाचित. आधीच सांगतो.”

“माझंही राहिलंय. कोपराशी.” तिने बोटं त्याच्या केसांत किंचित सरकवली. “दुखतंय का तुला?”

तो आरशात तिच्याकडे बघतच राहिला. “काय म्हणालात?”

“दुखतंय का, असं विचारलं.”

“नाही नाही. पुढचं. शेवटचा शब्द.”

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि ती अशी लाजली की आरशाकडे पाठच फिरवावी लागली. पण हात मात्र तिने होता तिथेच ठेवला.

“तुला,” ती भिंतीकडे बघत म्हणाली. “तुला, तुला, तुला. झालं समाधान?”

“नाही,” तो म्हणाला. “तू म्हणत राहा.”